मैदान लाखांचं, पण तालमीतला बल्ब कोण बदलणार?

संपादक साहेब, नमस्कार.

जत्रांचा सीझन चालू झाल्यापासून तुमच्या पेपरचं जिल्ह्याचं पान मी सगळ्यात आधी उघडतो. रोज कुठल्यातरी गावच्या मैदानाची बातमी असते, अमक्यानं तमक्याला घिस्सा मारून अस्मान दाखवलं, एक नंबरची कुस्ती एवढ्या लाखाची, शौकिनांची तोबा गर्दी. वाचून बरं वाटतं, खोटं कशाला बोलू, मी स्वतः दहा-बारा वर्षं लंगोट लावलाय आणि माझे दोन्ही मोडलेले कान अजून त्याची साक्ष देतात. पण ह्या बातम्या वाचून पुण्या-मुंबईतल्या माणसाला वाटेल की सांगली, सातारा, कोल्हापूर पट्ट्यात खेडोपाडी कुस्तीला सुगी आलीय. सुगी मैदानाला आलीय साहेब, तालमीला नाही.

आमचं वाळवा तालुक्यातलं गाव. तालीम मारुतीच्या देवळाला लागून, आजोबांच्या वेळची, जाड दगडी भिंती, आत वीस बाय वीस फुटाचा हौदा, म्हणजे लढायचा मातीचा आखाडा. गेल्या वर्षी हौद्यावरचा बल्ब उडाला. पोरं पहाटे पाचला येतात, थंडीत तेव्हा मिट्ट काळोख असतो, तर बावीस दिवस पोरांनी मोबाईलची बॅटरी खुंटीला अडकवून लढती केल्या. शेवटी एका पोराच्या आईनं घरातला बल्ब काढून दिला. त्याच महिन्यात आमच्या जत्रा कमिटीनं एक नंबरच्या कुस्तीला तीन लाखाचं इनाम जाहीर केलं आणि चौकात वीस फुटी फ्लेक्स लावला. मी पण त्या कमिटीत आहे, म्हणून दुसऱ्याला नावं ठेवतोय असं समजू नका, बावीस दिवस मलाही बल्ब सुचला नव्हता.

जत्रेचा पैसा जातो कुठं ते सांगतो. गावपट्टी, मुंबईकर मंडळींची देणगी, पुढाऱ्यांचे आकडे असं करून चांगली रक्कम जमते. त्यातला मोठा वाटा वरच्या चार-पाच जोडींना. हे पैलवान बाहेरचे, कधी पुण्या-कोल्हापूरच्या मोठ्या तालमीतले, कधी दिल्ली-हरियाणा-पंजाबचे, हल्ली तर इराणचा मल्ल आणल्याशिवाय मैदानाला वजन येत नाही अशी समजूत झालीय. ते दुपारी गाडीतून येतात, संध्याकाळी लढतात, रात्री जातात. उरलेल्यात मंडप, हलगीवाले, निवेदक, फेटे, नारळ, पाहुण्यांचं जेवण. आणि गावातली, पंचक्रोशीतली पोरं, जी वर्षभर घाम गाळतात, त्यांच्या कुस्त्या भर उन्हात, मैदानाला माणूस नसताना, आधी रेवड्या-बत्ताशावर, मग पन्नास-शंभरच्या नोटेवर. गर्दी जमेपर्यंत त्या पोरांच्या पाठीची माती सुद्धा वाळून गेलेली असते.

आणि वरची कुस्ती तरी कशी होते, अर्धा तास खडाखडी, मनगटं धरून एकमेकाला ढकलायचं, मग पंच येऊन बरोबरीत सोडवणार. सगळ्याच तसल्या नसतात, कुंडलसारख्या जुन्या मैदानात मी अशा निकाली कुस्त्या बघितल्यात की आठवलं तरी अंगावर काटा येतो. पण नुरा कुस्ती, म्हणजे आधीच ठरवून केलेली, कुठली आणि खरी कुठली हे आमच्याकडच्या म्हाताऱ्याला बसल्या जागी कळतं. तो मग तोंडातल्या तोंडात एक शिवी हासडतो आणि धोतर झटकून उठतो.

आता एका पोराची गोष्ट सांगतो, कारण हे पत्र खरं तर त्याच्यामुळंच लिहायला घेतलंय. नाव देत नाही, अजून शाळेत आहे. बाप ऊसतोडीच्या टोळीबरोबर असतो, आई शेतात मजुरीला. पोरगं काटक, एकेरी पट, म्हणजे समोरच्याचा एक पाय धरून ओढायचा डाव, असा काढतं की समोरच्याला पाय गेल्यावर कळतं. दोन जत्रांत त्यानं सात कुस्त्या केल्या, सातही चितपट. गावात लगेच भावी महाराष्ट्र केसरी वगैरे चालू झालं, स्टेटस पडले. मग शाळेकडून सतरा वर्षाखालच्या गटात तालुका जिंकून जिल्ह्याला गेलं. मी बरोबर होतो. तिथं मॅट. पोरानं जन्मात पहिल्यांदा मॅटवर पाय ठेवला, ते पण दुसऱ्याचे बूट घालून, दोन नंबर मोठे, पुढं कापूस कोंबलेला. कुस्ती लागली. त्यानं सवयीनं हात घातला तो समोरच्याच्या कंबरेला, लांग म्हणजे लंगोट धरायला. लांग कुठली, अंगात कॉस्च्युम, आणि कॉस्च्युम धरायला बंदी, पंचानं लगेच टोकलं. तो बावचळला. मागं सरता सरता वर्तुळाच्या बाहेर पाय गेला, समोरच्याला एक गुण. मग पट बसला, दोन गुण. खाली गेल्यावर पोरानं आपलं मातीतलं केलं, पोटावर पडून घट्ट चिकटून राहिला, कारण मातीत पाठ लागेपर्यंत कुस्ती जात नाही, दहा मिनिटं पडून रहा कोण विचारत नाही. इकडं समोरच्यानं कंबरेला मिठी घातली आणि भारंदाज लावून गरागरा फिरवलं, प्रत्येक गरक्याला दोन गुण, पाठ एक क्षण जरी खाली दिसली तरी. दहाचा फरक पडला, पंचानं शिट्टी मारली, कुस्ती संपली. दोन मिनिटं पण झाली नव्हती. पोरगं माझ्याकडं बघत म्हणालं, "मामा, पण मी पडलोच नाय की."

मी काय उत्तर देणार. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं की मॅटवर त्याच्या वयोगटात दोन-दोन मिनिटाच्या दोनच फेऱ्या असतात, सारखं मागं राहिलं तर पंच निष्क्रिय ठरवतात, नंतर समोरच्याला गुण जातो, की इथं पाठ टेकवणं हा जिंकायचा एक रस्ता आहे, एकमेव रस्ता नाही. आमच्या वस्तादांना हे माहीत नाही असं नाही, पण त्यांनी पण ते टीव्हीवर बघूनच शिकलंय. २०२५ ला अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरीत खांदे टेकले का नाही यावरून केवढा राडा झाला, प्रकरण पंचावर लाथ उगारण्यापर्यंत गेलं, नंतर महिनाभर प्रत्येक चहाच्या टपरीवर तोच विषय. त्या टपरीवर मी सहज विचारलं की मॅटवर चीतपट नेमकी कधी देतात ते नीट कोण सांगेल, तर कप बशीत ठेवायचे आवाज तेवढे आले.

आणि हे नवीन दुखणं नाही. आपल्या सातारा जिल्ह्यातल्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ ला लंडन ऑलिंपिकला गेले तेव्हा त्यांच्या अंगात पण मातीच होती, मॅट आणि तिथले नियम त्यांना अंगवळणी नव्हते, तरी सहावे आले. नंतरची चार वर्षं त्यांनी नेमकी ह्याच गोष्टीवर घालवली आणि १९५२ ला हेलसिंकीला ब्राँझ आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. जायला पैसे नव्हते, राजाराम कॉलेजचे प्रिन्सिपॉल खर्डेकरांनी घर गहाण टाकून सात हजार रुपये दिले. परत आल्यावर १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली हे सगळे सांगतात. पण मला जास्त आवडतं ते त्याच्या पुढचं, खाशाबांनी नंतर कोल्हापुरात कुस्त्या करून ते कर्ज फेडलं. म्हणजे बघा, तेव्हा मैदानाचा पैसा पैलवानाच्या तयारीला वळता झाला होता. आज सत्तरहून जास्त वर्षांनी आपण १५ जानेवारीला त्यांच्या जयंतीचा क्रीडा दिन करतो, हार घालतो, फोटो काढतो, आणि त्यांच्याच जिल्ह्याशेजारचं पोरगं कापूस घातलेल्या बुटात जिल्ह्याला हरतं.

त्यांच्यानंतर महाराष्ट्राला दुसरं वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळायला २०२४ उजाडलं, ते पण नेमबाजीत, कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेला. कुस्तीत आपल्या राज्याचं खातं १९५२ लाच थांबलंय. देशाचं थांबलं नाही, २००८ पासून प्रत्येक ऑलिंपिकला भारताला कुस्तीत पदक आहे आणि त्यातली बहुतेक सगळी हरियाणा-दिल्लीच्या आखाड्यातून आलेल्या पैलवानांची. तिथली माती काय वेगळी आहे का, दूध काय जास्त पांढरं आहे का? तिथं बारकं पोरगं मॅटवर लहानाचं मोठं होतं एवढाच फरक मला दिसतो. आपल्याकडं बीडचा राहुल आवारे २०१८ ला कॉमनवेल्थचं गोल्ड आणि २०१९ ला वर्ल्ड चॅम्पियनशिपचं ब्राँझ घेऊन आला, पण त्याला त्यासाठी गाव सोडून पुण्याला जावंच लागलं. सगळ्यांच्या बापाला पोरगं पुण्याला ठेवायला परवडत नाही, मेसचा, खुराकाचा, बदामाचा हिशोब करून बघा एकदा.

इथं काही जण म्हणणार की हा माणूस मातीच्या विरोधात आहे. अजिबात नाही. २०१९ च्या महापुरात आमच्या तालमीत कंबरभर पाणी होतं, सगळी माती वाहून आणि कुजून गेली. पाणी उतरल्यावर गावानं काय केलं माहितेय? घराघरातून वर्गणी नाही, वस्तू गोळा केल्या. कुणी तांबड्या मातीची ट्रॉली दिली, कुणी ताक, कुणी तेलाचा डबा, हळद, लिंबं, कापूर, बायकांनी चाळण्या आणून माती चाळून दिली. तीन दिवसात हौदा तयार. त्या मातीचा वास अजून माझ्या नाकात आहे. माती राहू द्या, पाया तिच्यातच तयार होतो, मान, कंबर, दम सगळं तिच्यातच येतं. पण आठवड्यातले निदान दोन दिवस पोरगं मॅटवर गेलं पाहिजे, नाहीतर ते जत्रेचा पैलवान होऊन जत्रेतच संपणार.

मॅटची गोष्ट निघालीच आहे तर आमचा अनुभव ऐका. स्पर्धेची मॅट बारा मीटर बाय बारा मीटरची, ती वीस फुटी तालमीत बसणार कशी? म्हणून मोकळ्या जागेवर शेड बांधायचं ठरवलं आणि व्यायामशाळा अनुदानासाठी एका सरकारी कार्यालयात अर्ज केला. पहिल्यांदा परत आला कारण संस्थेची नोंदणी जुनी, ती नवी केली. दुसऱ्यांदा परत आला कारण जागेच्या उताऱ्यावर देवस्थानचं नाव. आता मारुती काय सही करणार आहे का? तिसऱ्यांदा साहेबांची बदली झालेली, नवीन साहेब म्हणाले फाईल सापडत नाही, झेरॉक्स आणा. झेरॉक्सचाच खर्च आमच्या बल्बापेक्षा जास्त झाला असेल. दरम्यान एकानं जुनी अर्धी मॅट मिळवून दिली ती दोन वर्षं सोसायटीच्या गोडाऊनला गुंडाळून पडलीय, उंदरांनी एका कोपऱ्यात घर केलंय.

वस्तादांचं तर विचारूच नका. आमचे वस्ताद सकाळी तालीम, दिवसभर डेअरीवर, संध्याकाळी परत तालीम. मानधन शून्य, गुरुपौर्णिमेला एक टॉवेल-टोपी. त्यांच्या हाताखालचं पोरगं मोठं झालं, नाव झालं की शहरातल्या तालमीचं नाव लागतं, बॅनरवर वस्तादांचा फोटो तिकिटाएवढा पण नसतो. आणि वस्ताद नसलेल्या वेळेत पोरं कुणाचं ऐकतात, तर जिममधल्या कुणाचं तरी. लवकर अंग भरायचं म्हणून इंजेक्शनं, पावडरी. ह्यावर कुणी उघड बोलत नाही पण प्रत्येक तालुक्यात माहीत आहे, आणि हे पोराला सांगणारं कुणीतरी रोज तालमीत पाहिजे, वर्षातून एकदा व्याख्यान ठेवून ते होत नाही.

पोरींचा विषय वेगळा पत्राचा आहे तरी दोन ओळी लिहितो. २०२३ ला पहिली महिला महाराष्ट्र केसरी आपल्या सांगलीतच झाली, प्रतीक्षा बागडीनं ती जिंकली, तेव्हा गावोगाव पोरी तालमीचं नाव काढायला लागल्या. आमच्याकडं पण चार पोरी आल्या. पण मारुतीच्या तालमीत बाई कशी यायची ह्यावर म्हातारे बसले आणि कपडे बदलायला जागा नाही, संडास नाही ह्यावर आया बसल्या. पहिल्या गोष्टीवर वाद घालता येतो, दुसरीवर काय बोलणार, त्या बरोबरच होत्या. पंधरा दिवसात पोरी यायच्या बंद. तिकडं कागल तालुक्यात मुरगूडला मॅटचा हॉल झाला, रोज शिकवणारा कोच मिळाला, तर तिथल्या पोरी राष्ट्रीय पातळीवर मेडल घ्यायला लागल्या. मुरगूड काय लय मोठं शहर नाही.

शाहू महाराजांचं नाव आपण प्रत्येक मैदानात घेतो, निवेदकाची सुरुवातच तिथून होते. महाराजांनी १९१२ ला खासबागचं मैदान बांधलं हे खरंच, पण नुसतं मैदान नाही बांधलं. तालमी उभ्या केल्या, पैलवानांच्या खुराकाची सोय केली, बाहेरचे मल्ल बोलावले ते इथल्या पोरांना शिकायला मिळावं म्हणून. आपण त्यातला बाहेरचे मल्ल बोलवायचा भाग तेवढा उचलला.

तर माझं म्हणणं एवढंच आहे. प्रत्येक जत्रा कमिटीनं कुस्तीच्या एकूण खर्चातले शंभरातले दहा रुपये तालमीसाठी वेगळे काढायचे, जत्रेच्या आधी, उरलं तर बघू असं नाही, कारण उरत काहीच नाही. त्यातून वस्तादांना महिन्याचं काहीतरी मानधन. एकट्या गावाला मॅट परवडत नसेल तर जवळच्या तीन-चार गावांनी मिळून एक घ्यावी आणि ज्याच्याकडं मोठं शेड किंवा शाळेचा हॉल आहे तिथं ठेवावी, पोरं सायकलवर जातील, पाच किलोमीटर पैलवानाला काय अंतर आहे? बुटांचे चार-पाच जोड तालमीचे म्हणून ठेवावेत, वेगवेगळ्या मापाचे. आणि मैदानात दुपारी चारला, गर्दी भरल्यावर, पंचक्रोशीतल्या पोरांच्या आठ-दहा कुस्त्या वजनावर आणि गुणांवर लावाव्यात, माईकवर प्रत्येक गुण का दिला ते निवेदकानं सांगावं. जोड लावायची जुनी पद्धत, दोन पोरं शेजारी उभी करून दंडाला हात लावून अंदाज घ्यायचा, ती मला पण प्रिय आहे, त्यात म्हाताऱ्यांची नजर असते. पण अठ्ठेचाळीस किलोचं पोरगं पंचावन्नच्या अंगावर घातलं जातं ते पण त्याच नजरेनं. वजनकाटा खताच्या दुकानात आहेच, आणायचा फक्त.

मागच्या मिटिंगला मी हा विषय काढला. एक जण म्हणाला की एक नंबरची कुस्ती तीनाची पावणेतीन झाली तर शेजारचं गाव हसेल. त्यांचं तीन आहे. मी म्हटलं हसू दे, पण ते गाव तरी त्यांच्या तालमीत कोण येतं सांगेल का? त्यांच्या तालमीला गेली चार वर्षं कुलूप आहे, आत जत्रेचे मंडपाचे बांबू ठेवलेत. मिटिंगमध्ये सगळे हसले आणि विषय पुढं ढकलला. परत रविवारी मिटिंग आहे, परत काढणार.

तुमच्या पेपरला एक विनंती, म्हणूनच संपादकांना पत्र. मैदानाची बातमी छापताना इनामाचा आकडा हेडिंगमध्ये असतो, खाली आमदार, सभापती, चेअरमन यांची नावं ओळीनं असतात, अर्धा कॉलम त्यातच जातो. त्यातली दोन-तीन नावं कमी करून दुपारच्या कुस्त्या जिंकलेली पोरं कुठल्या तालमीची, वस्ताद कोण, एवढं छापत जावा. कमिटीवाल्यांना मी ओळखतो, पेपरात जे छापून येतं त्याला पैसे निघतात. आणि तुमचा वार्ताहर आमच्या जत्रेला येणार असेल तर आदल्या दिवशी पहाटे पाचला यावं, तालीम उघडी असते, बल्ब पण चालू आहे.

आपला,
एक जुना पैलवान आणि जत्रा कमिटीचा मेंबर,
ता. वाळवा, जि. सांगली

ता. क. ते पोरगं पंधरा दिवस तालमीकडं फिरकलं नव्हतं. परवा आलं आणि वस्तादांना म्हणालं, गोडाऊनमधली मॅट बाहेर काढूया, उंदरांचं मी बघतो.